इंदूर ते पुणे विमानानं: अंतर किती, वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या बहुतेक मराठी घरांचं कुणी ना कुणी पुण्यात असतं. मुलगा हिंजवडीत नोकरीला, लेक कोथरूडला दिलेली, नाहीतर मावशी सदाशिव पेठेत. त्यामुळे सुदामा नगरापासून रामबागेपर्यंत एकच प्रश्न फिरून फिरून कानावर येतो: विमानानं गेलं तर नक्की किती लांब आणि किती वेळ? या प्रश्नाला तीन-चार वेगवेगळी उत्तरं आहेत आणि ती सगळीच बरोबर आहेत. कुठलं उत्तर कशासाठी वापरायचं हे कळलं की तिकीट काढतानाचा निम्मा गोंधळ संपतो. म्हणून ही उत्तरं एका जागी, सविस्तर.

इंदूर आणि पुणे विमानतळांमधलं अंतर किती?

सरळ हवाई अंतर सुमारे ५०० किलोमीटर. मैलांत ३११ आणि वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांत २७०. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

हे अंतर देवी अहिल्याबाई होळकर विमानतळापासून पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंतचं आहे. तिकिटावर इंदूरसाठी ‘आयडीआर’ आणि पुण्यासाठी ‘पीएनक्यू’ ही अक्षरं दिसतील.

हे अंतर काढतात कसं? घरी काढता येईल का?

नक्की येईल. शाळेत जाणारी मुलं घरात असतील तर त्यांना हे जरूर करायला लावा.

इंदूर विमानतळ साधारण २२.७२ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.८० अंश पूर्व रेखांशावर आहे. लोहगाव १८.५८ उत्तर आणि ७३.९२ पूर्व. अक्षांशांतला फरक ४.१४ अंश. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून दक्षिणेकडे सुमारे ४६० किलोमीटर. रेखांशांतला फरक १.८८ अंश. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या भागात एक रेखांश १११ नव्हे, १०४ किलोमीटरच भरतो. म्हणजे पश्चिमेकडे सुमारे १९६ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोणाचा नियम लावा: ४६० चा वर्ग अधिक १९६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर ५०० येतं.

लांबच्या प्रवासाला, समजा दिल्ली ते लंडनला, हा सपाट कागदावरचा हिशोब चालत नाही. तिथे गोलावरचं सूत्रच लावावं लागतं. पण ५०० किलोमीटरच्या पल्ल्यात पृथ्वीच्या गोलाईनं फारसा फरक पडत नाही.

मग एका ठिकाणी ४९८, दुसऱ्या ठिकाणी ५०१ आणि तिसऱ्या ठिकाणी ५११ का लिहिलेलं असतं?

पहिल्या दोन आकड्यांतला फरक पृथ्वीच्या आकाराचा आहे. कुणी पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा पूर्ण गोल धरतं, तर कुणी ध्रुवांपाशी जरा चपटी. दोन-तीन किलोमीटर इकडे तिकडे होतात.

५११ चं कारण वेगळं. ते शहरापासून शहरापर्यंतचं अंतर आहे. आपल्या राजवाड्यापासून शनिवारवाड्यापर्यंत सरळ रेघ मारली तर ती सुमारे ५११ किलोमीटर भरते. विमानतळांमधलं अंतर त्याहून कमी, कारण आपला विमानतळ शहराच्या पश्चिमेला बिजासन टेकरीपाशी आहे आणि लोहगाव पुण्याच्या ईशान्येला. दोन्ही विमानतळ एकमेकांकडे सरकलेले आहेत, म्हणा ना. विमानाचा विचार करताना ५०० हाच आकडा धरावा.

या सरळ रेषेखाली कोणती गावं येतात?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण माझ्या मते सगळ्यांत सुंदर उत्तर याचंच आहे. नकाशावर पट्टी ठेवून इंदूर ते लोहगाव रेघ ओढा.

पहिल्या ६५ किलोमीटरवर रेघ नर्मदा ओलांडते, आणि ती ओलांडते महेश्वरच्या अगदी जवळून. विमानतळाला जिचं नाव दिलं त्या अहिल्याबाईंची राजधानी थेट वाटेवर! पुढे सातपुडा. मग १७५ किलोमीटरच्या आसपास तापी आणि तिच्यापलीकडे, इंदूरपासून सुमारे २०० किलोमीटरवर, अमळनेर. साने गुरुजींनी जिथे शिकवलं ते अमळनेर या रेघेवर जवळजवळ नेमकं येतं. त्यानंतर खानदेश मागे पडतो, चाळीसगाव डावीकडे आणि मालेगाव उजवीकडे ठेवून रेघ नांदगावजवळून उतरते. कोपरगावपाशी गोदावरी, लगेच शिर्डी. मग संगमनेर उजव्या हाताला, राहुरी डाव्या हाताला, आणि शेवटी मंचर व शिरूर यांच्या मधून लोहगाव.

नर्मदा, तापी, गोदावरी अशा तीन मोठ्या नद्या एका तासात. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडीचा. लग्न होऊन त्या माळव्यात आल्या तेव्हा हाच मुलूख उतरणींनी, घाटांनी, नद्यांच्या उतारांनी ओलांडावा लागत होता. त्याच मुलुखावरून आज त्यांच्या नावाच्या विमानतळावरून निघालेलं विमान जातं, याचं मला दर वेळी मनापासून अप्रूप वाटतं.

प्रत्यक्ष विमान मात्र अगदी या रेघेवरून जाईलच असं नाही. विमानांना ठरलेले हवाई मार्ग असतात, नियंत्रण कक्ष वळवेल तसं वळावं लागतं. सरळ ५०० ऐवजी प्रत्यक्षात २०-५० किलोमीटर जास्त उडणं होणं नेहमीचंच.

थेट विमानाला किती वेळ लागतो?

जेट विमान असेल, म्हणजे एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७, तर तिकिटावर साधारण एक तास दहा मिनिटं ते एक तास वीस मिनिटं लिहिलेलं असतं. त्यातला हवेतला वेळ ५० मिनिटं ते तासाच्या आत.

हाताशी ठेवावा असा एक ठोकताळा: अंतराला ८०० नं भागा आणि त्यात अर्धा तास मिळवा. ५०० भागिले ८०० म्हणजे ३७-३८ मिनिटं, अधिक ३०. झाला एक तास आठ मिनिटांचा अंदाज. देशातल्या कुठल्याही थेट जेट विमानाला हा ठोकताळा बराच जवळचा आकडा देतो.

विमान ताशी ८०० किलोमीटरच्या वर जातं, मग ५०० किलोमीटर अर्ध्या तासात का नाही?

कारण त्या वेगानं ते फार थोडा वेळ जातं. उड्डाणानंतर ३० हजार फुटांच्या आसपास पोहोचायला सुमारे २० मिनिटं लागतात, आणि तोवर विमान १८० ते २०० किलोमीटर गेलेलं असतं. आपल्या रेघेवर म्हणजे अमळनेर आलं! उतरणीचा हिशोबही तसाच आहे. दर हजार फूट उतरायला जवळपास तीन सागरी मैल हवेत असा वैमानिकांचा साधा नियम आहे. त्या हिशोबानं उतरण लोहगावच्या १६०-१७० किलोमीटर आधी सुरू होते, म्हणजे येवला-कोपरगावच्या सुमाराला.

उरलं काय, तर अमळनेर ते येवला, १३०-१५० किलोमीटर. एवढ्याच टप्प्यात विमान पूर्ण उंचीवर, पूर्ण वेगात असतं. जेमतेम दहा-अकरा मिनिटं. चढताना आणि उतरताना वेग कमीच. खाली दहा हजार फुटांच्या आत तर वेगावर मर्यादाही असते. त्यातून उड्डाण कुठल्या दिशेला झालं, उतरताना धावपट्टीच्या कुठल्या टोकाकडून यावं लागलं, यातही मिनिटं जातात.

म्हणूनच या मार्गावर खाणंपिणं इतक्या घाईनं आटोपतात. कर्मचाऱ्यांनाच श्वास घ्यायला वेळ नसतो, त्यांच्यावर चिडू नये.

लहान पंख्यांचं विमान असेल तर?

एटीआर ७२ सारखं पंख्यांचं विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. तरीही ते जेटच्या दीडपट वेळ घेत नाही. ते फार उंच चढत नाही, त्यामुळे चढ-उतारात कमी वेळ जातो. इंदूर-पुण्यासारख्या पल्ल्याला जेटपेक्षा २०-२५ मिनिटं जास्त धरा, म्हणजे तिकिटावर दीड तास किंवा थोडं जास्त. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघून घ्या. उंची कमी असल्यामुळे नर्मदा मात्र एटीआरमधूनच छान दिसते.

तिकिटावरची वेळ नक्की कुठून कुठपर्यंतची?

विमान आपल्या जागेवरून हललं तेव्हापासून, ते उतरून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी उभं राहिलं तोपर्यंत. चाकं जमिनीवरून उचलली ते चाकं टेकली, हा हवेतला वेळ वेगळा आणि कमी असतो. विमानानं धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर जागेपर्यंत येणं हे सगळं तिकिटाच्या वेळेत धरलेलं असतं. शिवाय कंपन्या थोडा वेळ राखूनही ठेवतात. म्हणून कधी कधी विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचतं.

जाताना आणि येताना वेळ सारखाच का?

जवळजवळ सारखाच. हिवाळ्यात वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे असतात. मुंबई-कोलकाता अशा आडव्या मार्गावर त्यानं चांगलाच फरक पडतो. आपला मार्ग मुख्यतः उत्तर-दक्षिण आहे, वारा बाजूनं लागतो. ताशी १०० किलोमीटरचा पश्चिमी वारा असला तरी पुण्याला जाताना जेमतेम ४० किलोमीटरचा विरोध होतो आणि परतताना तेवढीच मदत. हिशोब केला तर दोन्ही बाजूंत तीन-चार मिनिटांचा फरक.

त्याहून जास्त फरक इंदूरची धावपट्टी पाडू शकते. तिच्या दोन टोकांना २५ आणि ०७ असे क्रमांक आहेत, म्हणजे दिशा २५० अंश आणि ७० अंश. २५ वरून उडालं की विमान पश्चिमेला जातं आणि डावीकडे थोडं वळून पुण्याची दिशा धरतं. ०७ वरून उडालं तर ते शहराच्या बाजूला जातं आणि मोठा वळसा घ्यावा लागतो. कुठून उडायचं ते वाऱ्यावर ठरतं.

दारापासून दारापर्यंत किती वेळ धरावा?

पाच तास. आग्रहानं सांगते, तिकिटावरचा सव्वा तास बघून संध्याकाळच्या साखरपुड्याला दुपारचं विमान धरू नका.

सुदामा नगर किंवा राजवाड्याकडून एरोड्रम रोडनं विमानतळ अर्ध्या तासात येतो. विजय नगरकडून सुपर कॉरिडॉरनं यावं, पाऊण तास हाताशी ठेवावा. देशांतर्गत विमानाचं सामान घेणारं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं आणि गेट २५ मिनिटं आधी. म्हणजे सुटण्याच्या दीड ते पावणेदोन तास आधी विमानतळावर असलेलं बरं. मग सव्वा तास प्रवास. पुण्यात उतरून सामान मिळेपर्यंत अर्धा तास.

आणि मग पुण्याची वाहतूक! लोहगाव ते कोथरूड दुपारी तासाभरात होतं, संध्याकाळी दीड तासही कमी पडतो. हिंजवडी त्याहून लांब. ॲपवरून बोलावलेली टॅक्सी विमानतळाच्या दाराशी येत नाही, त्यासाठी समोरच्या एरोमॉलमध्ये जावं लागतं. सामान थोडं असेल तर मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो तो रस्ता असा: विमानतळावरून रिक्षानं रामवाडी मेट्रो स्थानक गाठा आणि थेट वनाजपर्यंत मेट्रोनं जा. मार्च २०२४ पासून मेट्रो रामवाडीपर्यंत धावते आणि डेक्कन, नळ स्टॉप, कोथरूड हे सगळं त्याच मार्गावर आहे.

मुंबई इंदूरला जवळ की पुणे?

हवाई अंतर जवळपास सारखं! इंदूर ते मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ सुमारे ५०६ किलोमीटर, पुणे ५००. पुणं लांब, मुंबई जवळ असं आपल्याकडे सर्रास मानतात, कारण अवंतिका एक्स्प्रेस मुंबईला पोहोचते आणि पुण्याची गाडी त्यापुढे घाट चढून जाते. ते रेल्वेपुरतं खरं आहे.

वेळेत मात्र मुंबई मागे पडू शकते. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणानं विमानं घेता येत नाहीत. गर्दीच्या वेळी उतरण्याआधी हवेत घिरट्या घालाव्या लागतात. त्यामुळे सहा किलोमीटर जास्त अंतराला तिकिटावर दहा-पंधरा मिनिटं जास्त दिसली तर नवल नाही.

पुण्याचं तिकीट महाग असेल तर मुंबईला उतरून जावं का?

एकटे असाल, सामान कमी असेल आणि भाड्यात मोठा फरक असेल, तर विचार करा. मुंबई विमानतळापासून पुणे सुमारे १५० किलोमीटर आणि बसनं साडेतीन-चार तास. पावसाळ्यात, शुक्रवारी संध्याकाळी किंवा सुट्ट्यांच्या तोंडावर घाटात अडकलात तर त्याहून जास्त. बरोबर वयस्कर माणसं असतील तर मी हे कधीच सुचवणार नाही.

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. त्याची तिकिटावरची अक्षरं ‘एनएमआय’. पुण्याच्या दृष्टीनं हे ठिकाण जास्त सोयीचं, कारण द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो आणि मुंबई शहरातली गर्दी टळते. तिकीट काढताना मुंबईच्या नावाखाली दोन्ही विमानतळ दिसतात, त्यामुळे तीन अक्षरं वाचल्याशिवाय पैसे भरू नका. न्यायला येणारा माणूस अंधेरीला आणि तुम्ही उलव्याला, असं नको.

माझ्या फोनवर इंदूर-पुणे सहा तास दाखवतंय. असं कसं?

ते थेट विमान नाही. दिल्ली, हैदराबाद किंवा मुंबईत बदलायचं आहे. दिल्लीमार्गे गेलात तर इंदूर-दिल्ली सुमारे ६६० आणि दिल्ली-पुणे सुमारे १,१५० किलोमीटर, म्हणजे ५०० किलोमीटरवरच्या गावाला जायला १,८०० किलोमीटर उडणं! शोधताना ‘थेट’ किंवा ‘नॉन-स्टॉप’ची खूण करा. थेट विमानांच्या वेळा वर्षातून दोनदा बदलतात: उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारपासून, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून. दिवाळीचं तिकीट जुन्या वेळेच्या भरवशावर काढलं असेल तर ऑक्टोबर संपताना वेळ पुन्हा बघा.

बस आणि रेल्वेच्या तुलनेत विमान खरंच परवडतं का?

वेळेच्या हिशोबानं हो. रस्त्यानं इंदूर-पुणे जवळपास ६०० किलोमीटर आहे: एबी रोडनं मानपूरचा घाट, खलघाटला नर्मदा, सेंधवा, मग बिजासन घाट, शिरपूर, धुळे, मालेगाव, मनमाड, शिर्डी, अहिल्यानगर. नकाशावरच्या आपल्या रेघेशी हा रस्ता बराचसा समांतर चालतो. रात्रीची स्लीपर बस बारा तासांच्या आसपास घेते.

रेल्वेची गोष्ट वेगळी. थेट गाडी रतलाम, बडोदा, सुरत, वसई असा मोठा वळसा घेऊन पुण्याला येते आणि अंतर साडेनऊशे किलोमीटरच्या वर जातं, हवाई अंतराच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे रात्र गाडीतच जाते. हा वळसा तुटेल तो इंदूर-मनमाड नव्या मार्गानं. ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं २ सप्टेंबर २०२४ ला मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी रुपये. माळव्यातल्या मराठी माणसानं या मार्गाची पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली आहे. तो सुरू झाला की या पानावरची बरीच उत्तरं नव्यानं लिहावी लागतील, आणि मी ती आनंदानं लिहीन.

तोपर्यंत माझा सल्ला असा: चार जणांचं कुटुंब सुट्टीला निघालं असेल आणि सामान भरपूर असेल, तर रेल्वे. दोन दिवसांचं काम असेल, आजारी माणसाला भेटायचं असेल, गुडघे दुखत असतील, तर विमान.

विमान रद्द झालं तर भरपाई मिळते का? तिचा प्रवासाच्या वेळेशी काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत रद्द झालेल्या विमानाची भरपाई तिकिटावरच्या प्रवासवेळेनुसार ठरते. एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५००, दोन तासांपुढे १०,०००. किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार. यातलं जे कमी असेल ते. इंदूर-पुणे तासापेक्षा जास्त, म्हणजे ७,५०० च्या गटात.

मात्र कंपनीनं वेळेत कळवून दुसरं विमान किंवा पैसे परत देऊ केले असतील, किंवा धुकं, वादळ, सुरक्षा, हवाई नियंत्रण अशा तिच्या हाताबाहेरच्या कारणानं विमान रद्द झालं असेल, तर ही भरपाई मिळत नाही. तिकीट काढताना स्वतःचा फोन नंबर द्या. एजंटचाच नंबर दिलेला असला तर निरोप त्याच्याकडे जातो आणि ‘आम्हाला कळवलंच नाही’ असं म्हणता येत नाही.

उशिराचंही असंच. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाण्यापिण्याची सोय करायची असते. सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक तुम्ही मागू शकता. काउंटरवर शांतपणे, पण ठामपणे मागा.

उशीर कोणत्या दिवसांत जास्त होतो?

डिसेंबर-जानेवारीत सकाळी. इंदूरला स्वच्छ ऊन असलं तरी तुमचं विमान दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं असू शकतं. एकच विमान दिवसभर वेगवेगळ्या गावांना फेऱ्या मारतं, त्यामुळे सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत पुढे ढकलला जातो. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याला दुपारनंतर वळवाची वादळं होतात, जून-जुलैत मुंबईचा पाऊस. लोहगाव हा वायुदलाचा तळ आहे, तिथे लढाऊ विमानांनाही धावपट्टी लागते.

महत्त्वाचं काम असेल तर हिवाळ्यात दुपारचं आणि उन्हाळ्यात सकाळचं विमान घ्या.

खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी?

पुण्याला जाताना डावीकडे पूर्व, उजवीकडे पश्चिम. मांडूचं पठार उजवीकडे, ओंकारेश्वरची बाजू डावीकडे. सकाळी ऊन डावीकडून येतं, संध्याकाळी उजवीकडून. पावसाळा संपल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, आकाश धुतलेलं असतं आणि नर्मदा भरलेली. तेव्हाची खिडकी सोडू नका.

लोहगाव लष्करी असल्यामुळे तिथे उतरताना, उडताना आणि धावपट्टीजवळ फोटो काढायचे नाहीत. खिडकीची झापड खाली करायला सांगितलं तर करावी.

आजी-आजोबांना किंवा बाळाला एवढा प्रवास झेपेल का?

हवेतला तासभर सहज झेपतो. त्रास होतो तो विमानतळावर चालण्याचा आणि उभं राहण्याचा. चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी मागून ठेवा. ती मागण्यात कमीपणा कसला? कितीतरी घरांत आजोबा ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतात आणि पुण्याला पोहोचल्यावर दोन दिवस पाय शेकत बसतात.

कान दुखतात ते मुख्यतः उतरताना, म्हणजे शेवटची २०-२५ मिनिटं. शिर्डीच्या आसपास बाळाला दूध पाजायला घ्या, मोठ्यांनी गोळी चघळावी. बाळ गाढ झोपलं असेल तरी उतरण सुरू झाल्यावर उठवलेलं चांगलं, गिळलं की कान मोकळे होतात. सर्दी खूप असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

इंदूरचा विमानतळ किती जुना आहे?

जागेची निवड १९३५ ची, होळकर संस्थानच्या काळातली. बिजासनचा माळ तेव्हाच ठरला. जुलै १९४८ मध्ये ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईसाठी सेवा सुरू झाली. आजची टर्मिनल इमारत फेब्रुवारी २०१२ ची, आणि जुलै २०१९ मध्ये इथून दुबईला पहिलं आंतरराष्ट्रीय विमान गेलं. समुद्रसपाटीपासून हा विमानतळ ५६४ मीटर उंच आहे, लोहगाव ५९२. म्हणजे माळव्याच्या पठारावरून उडायचं आणि जवळपास तेवढ्याच उंचीवर दख्खनच्या पठारावर उतरायचं.

नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची अंतरं?

इंदूर ते नागपूर विमानतळ सुमारे ३८० किलोमीटर, संभाजीनगर सुमारे ३२०. जेटचा ठोकताळा लावला तर नागपूरला तासाच्या थोडं आत.

लोणचं, तूप आणि शेव नेता येते का?

शेव, चिवडा, कोरडी मिठाई हातातल्या पिशवीत चालते. त्या पिशवीचं वजन साधारण सात किलोपर्यंत. लोणचं आणि तूप तपासणीत अडवतात, म्हणून ते आत जाणाऱ्या बॅगेत ठेवा. बरणीच्या तोंडाला प्लॅस्टिक, झाकणावर चिकटपट्टी, वरून दोन पिशव्या आणि मधोमध कपड्यांत गुंडाळून. पॉवर बँक मात्र उलट: ती नेहमी हातातल्या पिशवीत, आत जाणाऱ्या बॅगेत कधीच नाही.